किती दाबायचे?

मराठी माणूस यंत्राशी वर्षानुवर्षे एकाच क्रियापदाने बोलत आला आहे, ते म्हणजे 'दाबणे'. दारावरच्या घंटीचे बटण दाबायचे, उद्वाहकाचे दाबायचे, मतदानयंत्रावरचे निळे बटण दाबून 'बीप' ऐकू येईपर्यंत थांबायचे, आणि दूरध्वनीवरची संथ आवाजातली बाई सांगेल त्याप्रमाणे मराठीसाठी अमुक आकडा दाबायचा. संगणक आला तेव्हा मराठी संकेतस्थळांनी 'क्लिक'साठी 'टिचकी' हा शब्द वापरात आणला. 'येथे टिचकी मारा' हे वाक्य वाचताना आम्हांला नेहमी बरे वाटे. टिचकीत बोट आहे, नख आहे, किंचित खोडकरपणाही आहे. पुढे पडद्यालाच बोट लावायचे दिवस आले आणि टिचकी मागे पडली. उरले ते 'टच करणे', आणि पुन्हा एकदा आपले जुने 'दाबणे'. गंमत अशी की ज्या काचेला आपण 'दाबतो' म्हणतो, त्या काचेला दाब म्हणजे काय ते ठाऊकच नसते.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एक पेणला शिकवतो, दुसरा रोह्याला. दिवा-रोहा गाडीत भेट झाली की बोलणे बहुधा अभ्यासक्रमावरून सुरू होते आणि नागोठण्यापर्यंत भलतीकडे गेलेले असते. दाब ओळखणाऱ्या पृष्ठभागांचा विषय असाच भलतीकडे गेलेल्या गप्पांतून निघाला. हा अभियंत्यांचा आणि अभिकल्पकांचा विषय; त्यात साहित्याच्या शिक्षकांनी का पडावे, असे वाचकांना वाटणे साहजिक आहे. पण माणसाने यंत्राला काय सांगायचे आणि यंत्राने त्यातले किती ऐकायचे, हा अखेर भाषेचाच प्रश्न आहे, असे आम्हांला वाटते. त्यातून पुढचा प्रसंग घडला आणि हा विषय गप्पांचा राहिला नाही.

पेणजवळच्या एका शिधावाटप दुकानात मागच्या पावसाळ्यात आम्ही रांगेत उभे होतो. आमच्यापुढे एक वृद्ध बाई होत्या. आयुष्य भातलावणीत आणि मिठागरात गेलेले. यंत्रावर त्यांनी अंगठा ठेवला; यंत्राने नाकारला. दुकानदार म्हणाला, "आजी, दाबा." त्यांनी दाबला. "अजून दाबा. अहो, नीट दाबा!" आजी वैतागून म्हणाल्या, "दाबलाय रे बाबा, अजून किती दाबू?" पुन्हा नकार. मग दुसऱ्या हाताचा अंगठा, मग तर्जनी, मग पदराला बोट पुसून पुन्हा अंगठा. शेवटी दुकानदाराने आजींचे बोट स्वतःच्या दोन बोटांत धरले, काचेवर अलगद टेकवले, किंचित उचलले, पुन्हा टेकवले, आणि पावती निघाली. माणशी पाच किलो धान्य मिळाले.

घरी येऊन आम्ही या यंत्राविषयी वाचले. ठसा घेणारी सर्वसाधारण यंत्रे बोटावरच्या रेषांचे एक चित्र टिपतात. बोट फार हलके टेकले तर चित्र अपुरे येते. फार दाबले तर रेषा चपट्या होऊन एकमेकींत मिसळतात आणि चित्र बिघडते. म्हणजे आजींना पुन्हा पुन्हा दिलेला सल्ला, 'अजून दाबा', हाच कदाचित चुकीचा होता. ठशाचा बरेवाईटपणा दाबावर अवलंबून, आणि दाब बरोबर आहे की नाही हे दाबणाऱ्याला कळवण्याची काहीही सोय त्या यंत्रात नव्हती. आणि आम्हांला खरी बोचली ती गोष्ट पुढेच आहे. त्या यंत्राच्या शेजारी तांदूळ मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा होता. त्याच्या पोटात धातूचा एक लहानसा तुकडा असतो. भार पडला की तो डोळ्यांना न दिसेल इतका वाकतो, त्याच्यावर चिकटवलेल्या पातळ तारेची विद्युतरोधकता बदलते, आणि आकडा उमटतो. पाच-दहा ग्रॅमचा फरक त्याला कळत होता. एकाच टेबलावर तांदळाचा भार इतक्या बारकाईने ओळखणारे यंत्र होते आणि माणसाच्या अंगठ्याचा भार अजिबात न ओळखणारेही होते. ठसा घेणाऱ्या काचेखाली असाच एक पातळ संवेदक बसवून 'हलके' आणि 'थोडे जोरात' असे दोन शब्द मराठीत उमटवणे फार अवघड असेल, असे आम्हांला वाटत नाही. रेषाच झिजून गेल्या असतील तर त्याचाही उपयोग नाही, हे खरे. अशांसाठी काही ठिकाणी डोळ्यांच्या बुबुळावरून ओळख पटवण्याची सोय आली आहे. पण ज्यांच्या रेषा शाबूत आहेत आणि केवळ दाब चुकतो, त्यांनी तरी चार-चार वेळा अपमान का सोसावा? दुकानदाराच्या दोन बोटांनी केले ते काम यंत्राचे होते.

दाब ओळखणे ही काही परग्रहावरची विद्या नव्हे. काही स्फटिकांवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे पिएर आणि झाक क्यूरी या भावांनी १८८० साली दाखवून दिले. स्वयंपाकघरात गॅस पेटवणाऱ्या लायटरमधली ठिणगी त्याच तत्त्वावर पडते. मुंबई-गोवा महामार्गावर ट्रक चढवतात ते वजनकाटे म्हणजे दाब ओळखणारे जमिनीएवढे पृष्ठभागच. आणि आमच्या भागात या जातीचे सर्वांत लोकप्रिय यंत्र कोणते म्हणाल, तर ऑक्टोपॅड! आगरी-कोळ्यांच्या हळदीला किंवा गणपतीच्या मिरवणुकीला बेंजो पार्टी असते, तिच्यात रबराच्या आठ चौकटींवर दोन काठ्यांनी बडवणारा एक तरुण हमखास असतो. रोलँड कंपनीने हे वाद्य १९८५ साली बाजारात आणले. त्याचा सगळा जीव 'किती जोरात' या प्रश्नात आहे. हलका आघात केला तर हलका आवाज, जोराचा केला तर मोठा. वादकाच्या हाताला हे पहिल्या दहा मिनिटांत कळते, कारण प्रत्येक आघाताला ताबडतोब उत्तर मिळते. आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून वृत्तांचा तास सहन करणारा एक विद्यार्थी रात्री ऑक्टोपॅड वाजवतो हे कळले, तेव्हा आम्ही लघु-गुरू त्याच्याकडूनच वाजवून घेतले. (तास बरा झाला. शेजारच्या वर्गातून तक्रार आली, ती वेगळी.)

डग्गा हे याहून थोर उदाहरण. डग्ग्यावर बोटांनी आघात करायचा आणि त्याच वेळी मनगटाच्या बुडाने पुडीवर दाब द्यायचा; दाब वाढवला की नाद वर चढतो. त्या सरकत्या दाबानेच डग्गा बोलतो. उलट पेटीची पट्टी हलके दाबा की जोरात, सूर उंचीला तोच राहतो. आज आपल्या खिशातली सगळी यंत्रे पेटीच्या पट्टीसारखी आहेत. लागले, नाही लागले, एवढेच त्यांना कळते.

तसा एक प्रयत्न झाला होता. ॲपल कंपनीने २०१५ साली 'आयफोन ६ एस'मध्ये दाब ओळखणारा पडदा आणला. चित्रावर बोट टेकले तर एक गोष्ट घडायची, जरा दाबले तर दुसरी, आणखी दाबले तर तिसरी. चार वर्षांत, २०१९ साली, 'आयफोन ११'मधून ती सोय काढून टाकण्यात आली. हौशी जाणकारांनी हळहळ केली. बहुसंख्यांना ती होती याचाच पत्ता नव्हता. आणि पत्ता लागणार तरी कसा? पडद्यावरच्या कोणत्या चित्राला दाब कळतो आणि कोणत्याला नाही, हे पाहून समजत नसे. खुर्चीकडे पाहिले की बसायचे हे कळते, ओल्या मातीकडे पाहिले की दाबायचे हे कळते; गुळगुळीत काच काहीच सांगत नाही. त्या सोयीच्या जागी जे आले ते साहित्याच्या विद्यार्थ्यांनी जरूर पाहावे. आता बोट किती जोरात दाबले हे न पाहता किती वेळ टेकवले हे पाहिले जाते. इंग्रजी छंद आघातावर चालतो, मराठी वृत्त मात्रांवर, हे आम्ही दर वर्षी शिकवतो. यंत्राने आघात सोडला आणि मात्रा धरली! मराठीपणाचा हा विजय मानायला आमची हरकत नाही. पण लघु-गुरू उच्चारताना कानाला जो आनंद होतो तो काचेवर बोट टेकवून वाट पाहण्यात होत नाही, हेही नोंदवले पाहिजे.

आमच्या मते तो प्रयत्न फसला याचे कारण दाबाला चैनीच्या जागी बसवले हे होते. निरोप उघडण्याआधी त्याची झलक पाहणे ही कुणाची गरज होती? जिथे हात आधीपासूनच दाबाने बोलतो आहे, तिथे यंत्राने कान द्यायला हवा होता.

असे हात पाहायचे तर पेणच्या गणपती कारखान्यांत जावे. शाडूची मूर्ती साच्यातून काढतात एवढेच बाहेरच्यांना माहीत असते. साचा आकार देतो हे खरे, पण मळलेली माती साच्याच्या आतल्या अंगाला अंगठ्याने दाबत न्यावी लागते. कुठे दाब कमी पडला तर सोंडेचा वळसा नीट उमटत नाही. कुठे जास्त पडला तर तिथला थर पातळ होतो आणि वाळताना तडा जातो. ही चूक दाबताना दिसत नाही, काही दिवसांनी उघडी पडते. प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे तसे नाही. भुकटी पाण्यात कालवायची, साच्यात ओतायची, बळकटीला काथ्या घालायचा. थोड्या वेळात ते घट्ट होते. शाडू आणि प्लॅस्टरचा वाद गेली काही वर्षे पर्यावरणाच्या भाषेत चालला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २०२० सालची मार्गदर्शक तत्त्वे, मग न्यायालयीन लढे, मग मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये प्लॅस्टरच्या मूर्ती घडवायला दिलेली मुभा, हे सारे वाचकांना ठाऊक आहे. त्या वादात इथे शिरायचे नाही. आम्हांला एवढेच दिसते की हा दाबण्याकडून ओतण्याकडे झालेला प्रवासही आहे. ओतण्याने काम वाढले, हातांना रोजगार मिळाला, मूर्ती हलकी आणि स्वस्त झाली. त्याची थट्टा करण्याचा अधिकार पगारी शिक्षकांना नाही. पण अंगठ्यातले ज्ञान कुठे लिहून ठेवलेले नसते. ते दाबणारे थांबले की संपते. एका कारखान्यात आम्ही विचारले, नवा मुलगा आला की किती दाबायचे हे त्याला कसे सांगता? कारागीर हसला. त्याने शेजारच्या पोराच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला आणि दोघांचे अंगठे मिळून मातीत दाबले. शिधावाटप दुकानात दुकानदाराने आजींच्या बोटाचे केले ते याहून निराळे नव्हते.

आता जरा आमच्या धंद्याकडे येऊ. कार्बन कागदाचा जमाना ज्यांनी पाहिला त्यांना 'दाबून लिहा, खाली कॉपी आहे' हे वाक्य आठवत असेल. तिसऱ्या प्रतीवर सही उमटते की नाही यावरून लिहिणाराची तब्येत कळे. साठच्या दशकात काही लघुनियतकालिके सायक्लोस्टाइल करून निघत. त्यासाठी मेणाच्या कागदावर अणकुचीदार लेखणीने लिहावे लागे. दाब कमी पडला तर शाई झिरपायची नाही आणि जास्त पडला तर 'व'चे पोट गळून पडायचे. मराठी कवितेतल्या बंडखोरीचा काही भाग तरी असा बेताचा दाब देणाऱ्या हातांनी छापला गेला आहे.

उत्तरपत्रिकांचेही तसेच. पूर्वी गठ्ठा घरी किंवा केंद्रावर यायचा. पान उलटताना मागच्या बाजूला बोट फिरवले की बॉलपेनचे उठाव लागत. पहिल्या प्रश्नाला खोल उमटणारे अक्षर शेवटच्या प्रश्नापर्यंत उथळ होत जाई. एखादे वाक्य इतके दाबून खोडलेले असे की कागद फाटे. मग पडद्यावरची तपासणी आली. आता उत्तरपत्रिकेची छायाप्रत समोर दिसते आणि सगळी अक्षरे एकाच खोलीची असतात, म्हणजे खोलीच नसते. गैरसमज नको : दाबून लिहिल्याबद्दल गुण द्यावेत असे आम्ही म्हणत नाही. अक्षरावरून मत बनवू नये म्हणून तर तपासणी निनावी केली. तरीही एका टोकाला तीन तास बसून लिहिणारे कुणी तरी होते, याची बोटांना पटणारी खूण गेली. तपासणाऱ्याचा वेग वाढला आहे. त्या वेगात काही तरी सैल झाले आहे का, हे आम्ही एकमेकांना विचारतो आणि उत्तर देण्याचे टाळतो.

दाबाची भक्ती करण्याचेही कारण नाही. चित्रकारांसाठी संगणकाला जोडायच्या ज्या पाट्या मिळतात, त्यांच्यातल्या काही लेखणीच्या दाबाच्या ८,१९२ पायऱ्या ओळखतात. दाब वाढला की रेघ जाड होते. ही कल्पना आली टोकदार इंग्रजी निबेवरून आणि कुंचल्यावरून. निब दाबली की तिच्या दोन पाकळ्या फाकतात आणि रेघ रुंदावते. देवनागरीचा बोरू असा चालत नाही. त्याचे टोक तिरके कापलेले असते; जाड-बारीक रेघ मिळते ती टोकाच्या कोनामुळे आणि हाताच्या दिशेमुळे. बोरूवर जोर दिला तर टोक मोडेल, अक्षर सुधारणार नाही. रघुनाथ कृष्ण जोशी यांच्यासारखा सुलेखनकार संगणकाकडे वळला आणि त्याने 'मंगल' टंक घडवला, म्हणून निदान छापील देवनागरीला बोरूचे वळण ठाऊक असणारा हात मिळाला. दाबाच्या आठ हजार पायऱ्या बनवणाऱ्यांनी आधी हा हात पाहायला हवा. कोणत्या कामात हाताला दाबाने सांगायचे असते आणि कोणत्यात कोनाने, याचा निर्णय यंत्रशाळेत बसून होत नाही.

रोह्याजवळ धाटावला औद्योगिक वसाहत आहे, रासायनिक कारखान्यांची. तिथे काम करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी एक साधी गोष्ट लक्षात आणून दिली. हातात जाड मोजे असले की भ्रमणध्वनीच्या पडद्याला बोट कळतच नाही, कारण तो पडदा त्वचेमुळे होणारा विद्युत बदल ओळखतो. जुन्या धर्तीचा पडदा, ज्यात दाबल्यावर दोन थर एकमेकांना टेकतात, त्याला मोजा काय आणि नख काय, सारखेच. आणि आणीबाणीला यंत्र थांबवायचे ते भूछत्रासारखे मोठे लाल बटण कोणीही काचेचे करत नाही. ते तळहाताने ठोकायचे असते, घाबरलेल्या माणसाने, बहुधा न पाहता. जिवावर बेतते तिथे अभिकल्पक दाबाकडेच परततात, ही आम्हांला बोलकी गोष्ट वाटते. मग शिधावाटप दुकान, तिकीटयंत्र, दवाखान्याच्या नोंदणीची खिडकी या ठिकाणी थरथरत्या हातांच्या आणि राठ बोटांच्या माणसांसाठी तोच विचार का होऊ नये? थरथरणारे बोट काचेला चुकून चार ठिकाणी लागते, पण ठरवून दाबते ते एकाच ठिकाणी. दाब कळणाऱ्या पडद्याला या दोहोंतला फरक सांगता येईल.

एक भीती मात्र आहे. मराठीत 'दाब'च्या घराण्यातले बरेचसे शब्द सुखाचे नाहीत. दबाव, दडपण, दबदबा, दबणे, दडपशाही. दाबणारा कोण आणि दबणारा कोण, हे भाषेने नीट लक्षात ठेवले आहे. दाब मोजणारे पृष्ठभाग उद्या सगळीकडे आले तर कामगाराने कळ किती जोरात दाबली, विद्यार्थ्याने लेखणी कुठे रोखली, सही करताना हात कुठे कापला, हे सारे साठवून ठेवण्याचा मोह कुणाला तरी होणारच. काट्यावर तांदूळ ठेवून उचलला की आकडा शून्यावर येतो. माणसाच्या बोटाबाबत यंत्राने तेवढेच करावे. दाब ओळखावा, उत्तर द्यावे आणि विसरून जावे. ही अट मान्य नसेल तर मुकी काचच बरी, असे आमचे मत आहे. निदान ती चुगली करत नाही.

यंदा भाषाविज्ञानाच्या तासाला आम्ही दोन्ही महाविद्यालयांत एक उपक्रम दिला. हाताने कमी-अधिक दाब देण्याची मराठी क्रियापदे गोळा करायची आणि दाबाच्या चढत्या क्रमाने लावायची. गोंजारणे, कुरवाळणे, चाचपणे, चोळणे, मळणे, थापणे, चेपणे, दाबणे, ठासणे, रगडणे, कुस्करणे, चिरडणे. पेणच्या वर्गात 'थापणे' कुठे बसवायचे यावरून तांदळाची भाकरी करणाऱ्या मुली आणि न करणारी मुले यांच्यात वाद झाला. रोह्याच्या वर्गात एका विद्यार्थ्याने 'टच करणे' हा प्रयोग सुचवला. तो यादीच्या अगदी वर, गोंजारण्याच्याही आधी ठेवावा असे काहींचे म्हणणे. त्यात दाबच नसल्याने तो या यादीत येऊच नये असे इतरांचे. तूर्त तो आम्ही फळ्याच्या कोपऱ्यात, चौकटीत लिहून ठेवला आहे.